सौर ऑडिओ बायबल: वस्तीवरच्या गृहसभेसाठी घ्यावं का?

मराठी नवा करार आधीच भरलेला, मागे सौर पट्टी असलेला हा खिशातला प्लेअर जरूर घ्यावा. वाघोली-हिंजवडीकडच्या लेबर कॅम्पमध्ये वाचू शकणारा एखादाच असतो आणि गृहसभेच्या, म्हणजे घरात भरणाऱ्या प्रार्थनासभेच्या वेळी तोच शिफ्टला गेलेला असतो. तिथे हे यंत्र खरंच उपयोगी पडतं.

घेताना आधी बॅटरी बघा. ती काढता येणारी हवी. आत डकवलेली गेली की सगळं यंत्रच वाया. १००० एमएएच बॅटरी भरायला अर्ध्या वॅटच्या पट्टीला लख्ख उन्हातले आठ-दहा तास लागतात, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात मोबाइलच्या चार्जरची सोय असलेलंच मॉडेल चालेल. एप्रिलमध्ये तापल्या पत्र्यावर ठेवू नका, बॅटरी फुगते. आवाज बंद खोलीत दहा-बारा जणांना पुरतो, उघड्यावर नाही.

खरा घोळ मेमरी कार्डात होतो. अहिराणी किंवा बंजारा भजनं घालायची म्हणून लोक कार्ड पुन्हा भरतात. काही स्वस्त प्लेअर कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात, काही नावाप्रमाणे, आणि तिथे १ नंतर थेट १० लागतो. मग नव्या माणसाला येशूच्या जन्माआधीच वधस्तंभ ऐकू येतो! फाइलींना ००१, ००२ अशी नावं द्या, कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइली त्याच क्रमाने एकेक टाका. भजनांचं फोल्डर वेगळं ठेवा.

दुकानातच एक अध्याय ऐकून भाषा तपासा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणूनच. जड, पुस्तकी मराठीतलं रेकॉर्डिंग आजही पहिल्या दहा मिनिटांत माणसं गमावतं.

नवख्यांसाठी नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाच्या, मत्तयाच्या, वंशावळीने सुरुवात नको. १६ अध्यायांचं मार्कचं पुस्तक बरं. एक अध्याय लावा, थांबवा, काय ऐकलं ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या. रोज सहा अध्यायांनी नव्या कराराचे २६० अध्याय ४४ दिवसांत संपतात खरे, पण बोलणं झालं नाही तर फार थोडं रुजतं.

ज्यांनी आपणहून मागितलं त्यांनाच द्या. वस्तीला एकच पुरे, आणि ते सांभाळायला तिथलीच एक बाई असू द्या. बाहेरून येणाऱ्या पाळकाकडे राहिलं तर ते रविवारीच वाजतं.