स्पेक्ट्रमवर मराठी: फोंड्यात तयार झालेल्या एका नव्या प्रोग्रामचे परीक्षण

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या काकांनी 1985 साली इंग्लंडहून आणलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक आमच्या घरी आजही चालू स्थितीत आहे. कळफलकाखालचा प्लास्टिकचा पडदा कडक होऊन चिरला होता. तो बदलून घेतल्यावर सगळ्या कळा पुन्हा नीट लागू लागल्या. या यंत्रावर मराठीत लिहिता यावे, ही माझी शाळकरी वयापासूनची इच्छा होती. गोव्यातील फोंड्याच्या एका हौशी प्रोग्रामरने दिवसाची नोकरी सांभाळून, रात्री जागून तयार केलेला देवनागरी लेखनाचा प्रोग्राम हाती आला, तेव्हा ती पूर्ण झाली. गेले तीन आठवडे मी तो रोज वापरतो आहे.

स्पेक्ट्रमचा पडदा आडवा 256 आणि उभा 192 ठिपक्यांचा असून, मूळ अक्षरे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेली असतात. रोमन लिपीला तेवढी जागा पुरते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकारांना लागते, आणि आठ ओळींत हे सगळे कोंबले की ‘कु’ आणि ‘कृ’ यांतला फरकच दिसेनासा होतो. म्हणून या प्रोग्रामरने अक्षराची उंची सोळा ठिपक्यांची धरली आणि रुंदी अक्षरागणिक वेगळी ठेवली. त्यामुळे पडद्यावर बाराच ओळी मावतात, परंतु ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ ऐसपैस दिसतो, जसा तो छापील पुस्तकात दिसतो. या निर्णयासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

रुंदी बदलती ठेवल्याने काम किती वाढते, हे या यंत्रावर कधी काही लिहिलेल्यांनाच कळेल. पडद्याची स्मृती आठ-आठ ठिपक्यांच्या बाइटमध्ये विभागलेली आहे, तर अक्षर कुठल्याही ठिपक्यापासून सुरू होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक अक्षर काढताना त्याचे बिट सरकवावे लागतात. त्यातच ऱ्हस्व वेलांटीचा प्रश्न येतो. आपण आधी ‘च’ची कळ दाबतो, मग ‘इ’ची, आणि वेलांटी मात्र ‘च’च्या आधी उमटायला हवी. प्रोग्राम शेवटचे अक्षर लक्षात ठेवतो, ते पुसतो, थोडे उजवीकडे सरकवून पुन्हा काढतो. ‘चिबूड’ लिहिताना हे मी मुद्दाम निरखून पाहिले. ‘च’ उमटला, क्षणभर नाहीसा झाला आणि ‘चि’ होऊन परत आला. साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेड-80 प्रोसेसरवर हे इतक्या चटकन होते, कारण अक्षरे काढणारा भाग स्मृतीतील 32768 या पत्त्याच्या वर ठेवलेला आहे. त्याखालच्या सोळा के. स्मृतीत पडदा रेखाटणारी चिप वारंवार आड येते आणि प्रोसेसरला थांबावे लागते. प्रोग्राम असेंब्ली भाषेत, आजच्या लॅपटॉपवर लिहून, स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या फ्यूज या एम्युलेटरवर तपासलेला असला, तरी तो खऱ्या यंत्रासाठीच लिहिला आहे, हे अशा जागी जाणवते.

या यंत्रात प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून आवाजाच्या रूपात भरायचा असतो. त्याची कॅसेट 400 रुपयांना मिळते. फाइल हवी असल्यास ती मोफत आहे. कॅसेटच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. पहिल्या चारही वेळा ‘टेप लोडिंग एरर’ हाच संदेश आला. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपरेकॉर्डरच्या हेडवर बुरशी धरते, म्हणून मी हेड स्पिरिटने पुसले, तरीही तेच. ध्वनिमुद्रणाचा आवाजच मुळात क्षीण होता. अखेर फाइलवरून तयार केलेला आवाज मोबाइलच्या हेडफोनच्या जागेतून थेट यंत्राच्या ‘इअर’ खाचेत सोडला. ‘जे’ची कळ दाबून ‘लोड’ उमटले, कडेला लाल-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे धावले आणि सव्वा मिनिटात प्रोग्राम सुरू झाला. पैसे घेऊन विकायची असेल तर प्रत्येक कॅसेट खऱ्या यंत्रावर एकदा चालवून पाहिलीच पाहिजे.

यंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) सामानाची यादी मी यावरच केली. नारळ, सुपारीचा शिपटा, आंबाडे, तोरिंजन सगळे सुबक उमटले. ‘घागऱ्या’ या शब्दाशी मात्र अडले. मराठीला अत्यावश्यक असलेला ‘ऱ्य’मधला अर्धा र यात नव्हताच, त्याऐवजी ‘य’वर रफार बसत होता. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद न करणारे साधन मराठीचे म्हणता येत नाही, असे मी त्यांना स्पष्ट कळवले. आठ दिवसांत नवी फाइल आली, आणि तिच्यात अर्धा र व्यवस्थित आहे. आता ‘ज्ञ’चे पोट तेवढे भरून काळा ठिपका झाल्यासारखे दिसते, तेही सुधारायला हवे.

लिहिलेला मजकूर टेपवर साठवता येतो, पण तो नीट उतरला की नाही हे पडताळण्याची सोय प्रोग्रामात नाही. स्पेक्ट्रमच्या बेसिक या अंगभूत भाषेतच ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा असताना ही उणीव खटकते. माझी अर्धी यादी एकदा अशीच गेली. ती सोय होईतोवर प्रत्येक मजकूर दोनदा साठवावा, आणि कॅसेटऐवजी फाइलच घ्यावी.