भातसा जलाशयावरील मासेमारीचा ‘परवाना’ : एका फसवणुकीचा तपशील

धरणाच्या काठी तंबूत मुक्काम, रात्री शेकोटी आणि पहाटे गळ टाकून मासेमारी, अशा सहलींच्या जाहिराती हल्ली ठाण्यातील प्रत्येकाच्या मोबाइलवर येत असतात. त्यांतील काही सोयी खऱ्या आहेत, त्यांतून गावच्या तरुणांना चार पैसेही मिळतात, आणि नेमकी त्यामुळेच एखादी खोटी जाहिरात त्या गर्दीत खपून जाते. शहापूरकडील भातसा धरणाच्या नावाने आलेल्या अशाच एका जाहिरातीतून आमच्या गटाची जी फसवणूक झाली तिचा तपशील येथे देत आहे. गेलेली रक्कम कोणाला कर्जबाजारी करणारी नव्हती; परंतु बनावट सरकारी कागद खिशात घालून पिण्याच्या पाण्याच्या धरणावर पोहोचलेल्या माणसासमोर पैशांपेक्षा मोठी अडचण उभी राहू शकते, याची पुरेशी जाणीव लोकांना नाही.

आम्ही बहुतेक जण कोलशेत आणि गायमुखच्या खाडीकाठी गरवणारे, म्हणजे गळाने मासे धरणारे. खाडीत शिंगाळा मिळतो, बोय मिळते, नशीब जोरावर असेल तर जिताडाही गळाला लागतो. गोड्या पाण्यातील मोठ्या माशाचे आकर्षण मात्र प्रत्येकालाच असते आणि जाहिरात करणाऱ्याने ते बरोबर हेरले होते. माणशी २,५०० रुपये, त्यातील निम्मी रक्कम आगाऊ. शिवाय ‘शासकीय परवाना शुल्क’ म्हणून ६०० रुपये आणि परत मिळणारी अनामत १,००० रुपये. बोलणारा गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत असे, घाई करत नसे, उलट ‘तुमच्या सोयीने ठरवा, जागा मी राखून ठेवतो’ असे म्हणत असे. फसवणारा माणूस नेहमी घाई करतो, या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या खुणेवर विसंबून राहू नये, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

जाहिरातीत एका तरुणाच्या हातात भलामोठा महसीर दाखवला होता. पाठीवर डोक्यामागे ठळक कुबड आणि पर केशरी. मासे ओळखणाऱ्याला एवढे वर्णन पुरेसे आहे. हा कुबडाचा महसीर फक्त कावेरी नदीच्या खोऱ्यात आढळतो आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली आहे. आपल्या सह्याद्रीतील महसीर वेगळा. लोणावळ्याजवळ वळवण येथे ज्याची पिल्ले अनेक वर्षे वाढवली जात आहेत तो. भातसाच्या काठी कुबडाचा महसीर पकडल्याचे छायाचित्र निघणे शक्यच नव्हते.

पैसे पोहोचल्यावर तासाभरातच प्रत्येकाच्या नावाचा परवाना आला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, क्रमांक, बारकोड, सगळे जिथल्या तिथे. शिक्का होता मुंबई महानगरपालिकेचा. भातसाचे पाणी मुंबईला जाते, मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत तोच सर्वांत मोठा आहे, त्याची साठवण ७,१७,०३७ दशलक्ष लिटर आहे, हे सारे खरे. पण धरण महापालिकेचे नाही. तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा महापालिकेची आहेत, भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. दुसरी गोष्ट, परवान्याची मुदत वर्षभराची होती आणि त्यात जुलै-ऑगस्टही बिनदिक्कत धरलेले होते. पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय त्या दिवसांत धरणे आणि धबधब्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघत असतात. असा कागद एखादे कार्यालय देईल कसे, हा प्रश्न कागद नीट वाचणाऱ्याला पडायला हवा, आणि कागद नीट वाचला जाऊ नये म्हणूनच त्याच्यावर एवढे शिक्के मारलेले असतात.

नाशिक महामार्गाने शहापूर गाठून, पाठवलेल्या ठिकाणावर मोबाइलच्या मार्गदर्शनाने पोहोचलो तेव्हा समोर भाताचे कापलेले शेत होते. तंबू नाही, माणूस नाही, आणि तो क्रमांकही बंद. शेताचा मालक बांधावर उभा होता. त्याने आमच्या रॉडच्या पिशव्यांकडे पाहिले आणि विचारण्याआधीच उत्तर दिले, “तुम्ही पण कॅम्पवालेच ना? काल दोन गाड्या येऊन गेल्या. मागच्या शनिवारी तर बायापोरं घेऊन आलेले लोक होते, त्यांना आम्हीच चहा पाजला.” त्या बिचाऱ्याच्या जमिनीचा नकाशावरील ठिपका कोणी वापरतो आहे, याची तक्रार कुठे करायची हेही त्याला ठाऊक नव्हते.

त्यानेच आमची गाठ जलाशयात जाळी टाकणाऱ्या एका वयस्क मच्छीमाराशी घालून दिली. त्यांनी परवाना हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि शांतपणे परत दिला. “दादा, हा आमचा कागद नाही. तळ्यात मासा सोडतो आम्ही, मग परवाना दुसराच कोण देणार?” त्यांचे हे बोलणे त्या दिवसभरात ऐकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट होती. शहरातील माणसाला वाटते की जलाशयातील मासा आपोआप वाढतो आणि तो सरकारचा किंवा कोणाचाच नसतो. वस्तुस्थिती अशी आहे की कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे आहेत, धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही. म्हणून बीजकेंद्रातून मत्स्यबीज आणून, ते बोटुकलीच्या आकाराचे करून जलाशयात सोडावे लागते. हा खर्च करते ती त्या जलाशयाचा ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था, आणि ठेका देतो राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग. ठेक्याच्या पाण्यात परस्पर गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरणे होय, आणि असा गळ टाकणाऱ्यावर संस्थेचे लोक चिडले तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यामुळे कोणत्याही जलाशयावर जाण्यापूर्वी विचारायचे ते एवढेच, की येथील ठेका कोणत्या संस्थेकडे आहे. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात याचे उत्तर मिळते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. तानसा अभयारण्याच्या हद्दीत तर वन विभागाचा प्रश्न स्वतंत्रपणे येतो.

प्रकरण येथे संपले असते तर बरे झाले असते. दोन दिवसांनी दुसऱ्या क्रमांकावरून एका बाईंचा फोन आला. आधीचा माणूस ‘कामावरून काढून टाकला आहे’, झाल्या प्रकाराबद्दल त्यांना वाईट वाटते, आणि सर्वांची अनामत व आगाऊ रक्कम एकत्र परत करायची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या खात्यातून पैसे गेले होते त्या आमच्या अण्णांना क्यूआर कोडचे चित्र पाठवण्यात आले. त्यावर मराठीत ‘रक्कम जमा’ असे छापलेले होते. कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि ९,००० रुपये आणखी गेले. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीही लागत नाही, हे अण्णांना माहीत नव्हते असे नाही. आधीच एकदा फसलेल्या माणसाला आपले पैसे परत येत आहेत हे ऐकायचे असते, आणि या टोळीचा खरा धंदा बहुधा या दुसऱ्या फोनवरच चालतो.

यावेळी मात्र त्यांच्या सुनेने क्षणभरही न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवले. दुसऱ्या रकमेतील काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला. पहिली रक्कम तोवर अनेक खात्यांतून निघून गेली होती. तक्रार करताना व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, संभाषणाची चित्रे आणि बनावट परवाना हे सर्व जोडावे. गप्पांची नोंद रागाच्या भरात पुसून टाकू नये. आमच्यातील दोघांनी ती पुसली होती. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते. शहापूरला घडले की ठाण्यात, या हद्दीच्या वादात तक्रारदाराने अडकण्याचे कारण नाही, कारण गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून घेण्याची तरतूद आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. हे कलमासह सांगितल्यावर आमची तक्रार घेतली गेली.

तपास अजून चालू आहे. दरम्यान तीच जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. नाव बदलले आहे, जागा आता बदलापूरजवळील बारवी धरणाची सांगितली जाते, माणशी दर ३०० रुपयांनी वाढला आहे आणि अनामत तेवढीच आहे. बारवी हे औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडील कोणाला त्यासाठी महापालिकेच्या शिक्क्याचा परवाना आला असेल, तर पैसे पाठवण्याआधी तो कागद जवळच्या सायबर पोलिसांना दाखवावा.