टोमॅटोला काठी, पिंजरा की वरून दोरी? परसात लावण्याआधी हे बघून घ्या

गणपतीची चवथ झाली, पाऊस ओसरला की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात ज्याला त्याला परसात टोमॅटो लावायची हुक्की येते, आणि डिसेंबरात झाडं फळांनी आडवी पडली की मग धावपळ, मोडक्या झाडूचा दांडा काय, छत्रीची काडी काय, मिळेल ते खुपसायचं. मी तिन्ही प्रकार करून बसलोय म्हणून सांगतो.

आधी बियाण्याचं पाकीट वाचा. काही जाती तीनेक फुटांवर थांबतात, त्यांना एक काठी पुष्कळ झाली. चेरी टोमॅटोसारख्या वेलागत वाढतच राहणाऱ्या जाती सहा फूट आरामात ओलांडतात, त्या काठीवर ठेवल्या तर काठीसकट लोळतात.

काठी सगळ्यात स्वस्त, कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, बांबू असेल तर फुकटच. पण रोप लावतानाच ठोकायची, महिन्याने ठोकलीत तर मुळं तुटली म्हणून समजा. आमच्याकडे दोन वितींवर चिरा (जांभा दगड) लागतो, काठी आत जातच नाही, आणि गेलीच तर वाळवी खाते, त्यामुळे खालचं टोक मी चुलीत थोडं जाळून काळं करतो. बांधताना दोरीचा आठाचा आकडा करा, एक वेढा काठीला घट्ट आणि दुसरा खोडाला सैल, बोट आत जाईल इतका. पहिल्या वर्षी मी आवळून बांधलं होतं, खोड जाड झालं नि दोरी आत रुतून बसली.

पिंजरा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातली तारेची जाळी. पाच फूट लांब तुकडा गोल वळवला की दीड फुटाच्या वर रुंदी मिळते. भोकं हात जाईल एवढी मोठी घ्या, नाहीतर पिकलेला टोमॅटो नुसता बघत बसाल 😄 आठवड्याला बांधायची कटकट नाही, पानाच्या बगलेत येणारे फुटवे काढले नाहीत तरी चालतं, आणि फेब्रुवारीच्या उन्हात पानांच्या सावलीमुळे फळं भाजत नाहीत. पण त्याच दाटीत जानेवारीचं दव उशिरापर्यंत सुकत नाही आणि खालच्या पानांवर करपा, म्हणजे डाग पडून पानं सुकायचा रोग, सुरू होतो. पैसे जातात ते वेगळेच, आणि समुद्राकडे राहणाऱ्यांनी गंज धरूनच हिशेब करावा.

दोरी माझी आवडती. वर आडवा पाइप किंवा बांबू, त्यावरून प्रत्येक झाडाला एक सुंभ किंवा सुतळी खाली सोडायची, खोडाशी सैल बांधायची आणि वाढेल तसा शेंडा तिच्याभोवती फिरवत न्यायचा. नायलॉन नको, ते खोड कापतं. एकच खोड ठेवायचं, म्हणजे बगलेतले फुटवे आठवड्याला खुडायचे, बोटाएवढे असतानाच, आणि एक आठवडा चुकलात तर जंगल. हवा मात्र मस्त खेळते. गॅलरीतल्या ग्रो बॅगला तर दुसरं काही सुचवणारच नाही, कारण तिथे काठीला धरायला माती कुठे असते?

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, मर. सकाळी टवटवीत झाड दुपारी पानं हिरवी असतानाच मान टाकतं, पाणी घालूनही उठत नाही. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, थोड्या वेळात दुधाळ धुरासारखे धागे खाली उतरले की तो मर आणणारा जिवाणूच. तो मातीत राहतो, म्हणजे त्या झाडाची काठी किंवा पिंजरा तसाच दुसऱ्या वाफ्यात नेलात तर चिकटलेल्या मातीबरोबर तोही गेला. दोरी सरळ जाळून टाकता येते, आणि खरं सांगायचं तर माझा कौल दोरीला जातो तो मुख्यतः यासाठीच. मर लागलेल्या जागी पुढल्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची काहीच नको. जात निवडायची संधी असेल तर बेंगळुरूच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची अर्का रक्षक बघा, ती मर, लवकर येणारा करपा आणि पानं गोळा करणारा व्हायरस तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देते.

तर रोज संध्याकाळी पाच मिनिटं परसात जाणाऱ्याने दोरी घ्यावी, बुटक्या जातीची चार झाडं लावणाऱ्याने काठी. फक्त रविवारी घरी असाल तर पिंजरा, पण दोन झाडांत चांगलं अडीच-तीन फूट अंतर ठेवा आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका.

माझा पिंजरा मी कापून तांबड्या भाजीच्या वाफ्यावर घातलाय, कोंबड्या उकरतात म्हणून.