जुना व्हॉल्व्ह बेस ॲम्प: आठ महिन्यांच्या वापरानंतर

साठच्या दशकातला अँपेग बी-१५एन हा व्हॉल्व्हवर (व्हॅक्यूम ट्यूबवर) चालणारा बेस गिटारचा ॲम्प आठ महिने सराव, रेकॉर्डिंग आणि छोट्या कार्यक्रमांना वापरून झालेलं मत आधीच सांगतो: आवाजासाठी जरूर घ्या, पण पॉवर आणि आउटपुट हे दोन्ही ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तरच. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, रेझिस्टर, स्पीकरचा कोन, सगळं बदलता येतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला तर ॲम्प चालेल, पण ज्या आवाजासाठी तो घेतला तोच मिळेल याची खात्री राहत नाही.

१५ इंची एकच स्पीकर, ६एल६ या आउटपुट व्हॉल्व्हची जोडी, सुमारे २५ वॉट. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणारा बेसवादक जेम्स जेमरसन बी-१५ वापरायचा, म्हणून आजही बेसवादक तो शोधत असतात. मधला पट्टा भरीव आहे आणि आवाज वाढवला की सुरांच्या कडा हळूहळू गोल होतात. चारतारी बेस सुखाने वाजतो. पाचतारीची ३१ हर्ट्झची खालची बी मात्र पोकळ लागते. जोरकस ड्रमरपुढे २५ वॉट पुरत नाहीत, तिथे माइक लावावाच लागतो.

तपासणी प्लग काढून सुरू करायची. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने फिल्टर कपॅसिटरच्या (डीसी पुरवठा सपाट करणाऱ्या कपॅसिटरच्या) टोकांवर काही सेकंद धरा आणि व्होल्टेज १० च्या खाली आल्याचं मीटरवर बघूनच आत हात घाला. मग आउटपुट व्हॉल्व्ह काढून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगच्या) मधल्या टॅपपासून दोन्ही टोकांचा रोध मोजा. आतल्या आणि बाहेरच्या वेढ्यांना लागणारी तार कमी-जास्त असते, त्यामुळे आकड्यांत थोडा फरक दिसणारच. एका बाजूला काहीच रीडिंग नसेल तर वाइंडिंग तुटलेलं आहे. आपसात शॉर्ट झालेले मोजके वेढे मीटरवर दिसत नाहीत. ते वाजवल्यावर कळतात. आवाज दबलेला, फाटलेला येतो आणि व्हॉल्व्ह मात्र भाजून निघतात. स्पीकर न जोडता ॲम्प वाजवला की असं होतं, म्हणून मागची स्पीकरची जोडणी ढिली तर नाही ना हेही बघा.

अनेक वर्षं पडून असलेला ॲम्प थेट प्लगला लावू नका. फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाका. सुरुवातीला उजळून मंद झाला तर ठीक; लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

घरघर कशी आहे यावरून कारण कळतं. मेन्सच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीची, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झची घरघर असेल तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत. मूळचे असतील तर घरघर नसली तरी बदलून घ्या. ५० हर्ट्झची असेल तर आधी अर्थिंग आणि हीटरच्या वायरी बघा. पॉटची (नॉबमागच्या कंट्रोलची) खरखर क्लीनर मारूनही जात नसेल तर त्यावर डीसी मोजा. डीसी असेल तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. तसाच कपॅसिटर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर गळला की प्लेट लाल होते आणि लोक व्हॉल्व्हच बदलत बसतात.

नवे व्हॉल्व्ह घातले की बायस, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, मोजायचाच. ६एल६जीसीची प्लेटची मर्यादा ३० वॉट. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला ठरावीक ऋण व्होल्टेज देणाऱ्या) ॲम्पमध्ये ४५० व्होल्टला तिचे ७० टक्के म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण ४६ मिलिॲम्पिअर. प्रीॲम्पच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. ठणठण आवाज स्पीकरमधून आला तर तो मायक्रोफोनिक, म्हणजे धक्के पकडून आवाज करणारा आहे. बी-१५एनमध्ये तिथे ६एसएल७ असतात, १२एएक्स७ त्या सॉकेटमध्ये बसत नाही.

दोन पिनांची कॉर्ड असेल तर वाजवण्याआधी तीन पिनांची घाला, चेसिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) पक्कं अर्थिंग द्या आणि मेन्सपासून चेसिसकडे जाणारा कपॅसिटर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर बेसच्या तारांवर थेट मेन्स येतो. यात तडजोड नकोच. ११७ व्होल्टचा ॲम्प २३० वर वापरायचा तर मागच्या पट्टीवरच्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन घ्या. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. तासाभराने हात लावून बघा.

झाकणाची रबरी पट्टी सुकली असेल तर हवा गळून खालचे सूर पातळ होतात. कार्यक्रम संपला की झाकणाला जोडलेलं चेसिस लगेच उलटवून पेटीच्या आत घालू नका. गरम फिलामेंट धक्क्याने तुटते, पंधरा मिनिटं निवू द्या.