ओपनएपीआय जनरेटर: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ओपनएपीआय जनरेटर एपीआयचं वर्णन करणाऱ्या फाइलवरून, म्हणजे स्पेकवरून, कोड तयार करतो. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमधल्या सेवांसाठी हे टूल वापरताना खरी अडचण कोड तयार करण्यात येत नाही. तयार झालेल्या कोडमध्ये आपला कोड कुठे घालायचा, ते ठरवणं अवघड जातं. काहीही सेट न करता चालवलं तर इंटरफेस आणि कंट्रोलर (विनंत्या स्वीकारणारा क्लास) दोन्ही मिळतात, आणि नवीन माणूस थेट कंट्रोलरमध्येच लिहायला लागतो. पुढच्या बिल्डला ते सगळं पुसलं जातं.

म्हणून पहिल्या दिवशीच डेलिगेटपॅटर्न हे सेटिंग चालू करा. मग प्रत्येक कंट्रोलरमागे एक डेलिगेट इंटरफेस मिळतो, आणि कंट्रोलर काम त्याच्याकडे सोपवतो. आपण फक्त तो अंमलात आणणारा, सर्व्हिस अॅनोटेशन असलेला क्लास लिहायचा, तोही आपल्या सोर्स फोल्डरमध्ये. जनरेट झालेला कोड टार्गेटमध्येच (मेव्हनच्या बिल्ड फोल्डरमध्ये) राहू द्या, गिटमध्ये अजिबात टाकू नका. हाताने केलेला बदल पुढच्या बिल्डला टिकत नाही हे दिसलं की तिथे लिहायची सवय आपोआप सुटते.

इथे एक फसवी जागा आहे. डेलिगेटमधल्या मेथड डिफॉल्ट असतात आणि ५०१, म्हणजे ‘हे अजून लिहिलेलं नाही’ हा एचटीटीपी कोड, परत करतात. स्पेकमध्ये नवीन ऑपरेशन आलं आणि ते लिहायचं राहिलं तरी बिल्ड हिरवा, आणि चूक कळते थेट कॉल केल्यावर. सर्व्हिस अॅनोटेशन विसरलं तरी तेच: अॅप नीट सुरू होतं, रिकामा डेलिगेट बसतो, उत्तर ५०१. स्किपडिफॉल्टइंटरफेस ट्रू केलं की राहिलेली मेथड कंपाइललाच अडते. हे सेटिंग सुरुवातीपासूनच हवं होतं, इतकं ते मोलाचं आहे.

ऑपरेशनआयडी, म्हणजे स्पेकमधलं ऑपरेशनचं नाव, प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहा. नाही लिहिला तर पाथ आणि एचटीटीपी मेथडवरून नाव बनतं, आणि पाथ बदलला की जावा मेथडचं नावही बदलतं. डिफॉल्ट मेथड ठेवल्या असतील आणि ओव्हरराइड अॅनोटेशन लिहिलेलं नसेल, तर जुनी मेथड तशीच पडून राहते, कुणी तिला बोलावत नाही.

मॉडेल क्लास (स्पेकमधल्या डेटाचे क्लास) वाढवण्यासाठी सबक्लास करू नका, जॅक्सन (जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) आणि मॅपिंगमध्ये गुंता होतो. स्पेकमध्येच एक्स-इम्प्लिमेंट्स लिहून आपला इंटरफेस जोडता येतो, आणि एक्स-फील्ड-एक्स्ट्रा-अॅनोटेशनने फील्डवर आपलं अॅनोटेशन. रक्कम किंवा चलन यांसारखा आपला तयार क्लास असेल तर स्कीमामॅपिंग द्या, मग तो मॉडेल जनरेटच होत नाही. डोमेनचा तर्क मात्र मॉडेलमध्ये नको, त्यासाठी मॉडेल आणि डोमेनचे क्लास यांच्या मध्ये मॅपस्ट्रक्टचा (एका क्लासचा डेटा दुसऱ्यात भरणारी लायब्ररी) मॅपर ठेवा.

नलेबल फील्डला जेसननलेबलचं आवरण येतं आणि त्यासाठी वेगळी डिपेंडन्सी लागते. पॅचमध्ये (थोडाच भाग बदलणाऱ्या विनंतीत) ‘फील्ड आलंच नाही’ आणि ‘नल आलं’ यांतला फरक हवा असेल तरच ठेवा, नाहीतर ओपनएपीआयनलेबल फॉल्स करा.

ज्यांवरून कोड बनतो ती मस्टॅश टेम्प्लेट बदलणं हा शेवटचा उपाय. ऑथर टेम्प्लेट कमांडने ती बाहेर काढता येतात, पण बदललेली एक-दोनच ठेवा, बाकी मूळचीच वापरली जातात. सगळी कॉपी केली तर व्हर्जन वाढवताना दरवेळी सगळ्यांची तुलना करावी लागते. प्लगइनचं व्हर्जनही पक्कं लिहा.

इग्नोर फाइल (कोणत्या फाइल जनरेट करायच्या नाहीत याची यादी) टार्गेटमध्ये ठेवली तर क्लीन केल्यावर ती उडते. प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवून इग्नोरफाइलओव्हरराइडने दाखवा. आणि स्पेकमधून मॉडेल काढल्यावर क्लीन करूनच बिल्ड करा, नाहीतर जुना क्लास टार्गेटमध्ये राहून कंपाइल होत राहतो.