खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीत प्रवाह कशाने राखावा: एअर पंप, रिटर्न पंप की वेव्हमेकर?

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या आमच्या पट्ट्यात, जिथे घरे आणि बागांच्या मोटारी एकाच डीपीवर (विजेच्या रोहित्रावर) आहेत अशा वस्तीत, संत्र्याचे ओलीत सुरू झाले की घरातला पंखा मंदावतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसून खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडणाऱ्याने पंप निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा त्यानंतर पाहावा. मुंबई-पुण्याच्या शौकिनांचे सल्ले चोवीस तास स्थिर वीज आणि सौम्य उन्हाळा गृहीत धरून दिलेले असतात, आणि आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

प्रवाहाचे काम केवळ पाणी हलते दिसावे एवढेच नसते. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ८.२५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात तो सुमारे ६.७५ मिलिग्रॅमच मावतो. पाणी ३० अंशांवर गेले की हे प्रमाण ६.२ च्या आसपास येते. म्हणजे खारी टाकी मुळातच कमी शिलकीवर चालते, आणि पृष्ठभाग सतत ढवळला गेला तरच हवेतून ती शिलक भरून निघते. लाइव्ह रॉकवरचे, म्हणजे जिवाणूंनी वसलेल्या समुद्री दगडांवरचे, जिवाणू अमोनियाचे रूपांतर करतात तेही त्यांच्यापर्यंत प्राणवायू पोचला तरच. कोरलला, म्हणजे प्रवाळाला, हलता येत नाही, म्हणून त्याच्या अंगावरचा चिकट स्राव धुऊन नेणे आणि अन्न त्याच्यापर्यंत आणणे ही दोन्ही कामे पाण्यालाच करावी लागतात.

किती प्रवाह पुरेसा, याचे ढोबळ गणित असे आहे. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १५९ लिटर पाणी मावते, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात १२५ लिटरच उरते. केवळ मासे आणि झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारखे सॉफ्ट कोरल ठेवायचे असतील, तर ताशी दहा ते वीस पट, म्हणजे १,२५० ते २,५०० लिटर प्रवाह धरावा. ॲक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या लहान पॉलिपच्या कोरलना तीस पट आणि त्याहून अधिक लागतो, परंतु नवशिक्याने पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एअर पंप सर्वांत स्वस्त असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो आणि वीज अगदी कमी घेतो. मात्र बुडबुडे पाणी वर उचलतात, आडवे फारसे ढकलत नाहीत, त्यामुळे दगडांमागची घाण जागची हलत नाही. शिवाय प्रत्येक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे तुषार उडवतो आणि आठवडाभरात झाकणावर, दिव्यावर, प्लगच्या पिनांवर पांढऱ्या मिठाचा थर चढतो. मुख्य साधन म्हणून मी एअर पंप सुचवणार नाही. बॅटरीवर चालणारा एक मात्र वीज गेल्यावरच्या सोयीसाठी घरात असलाच पाहिजे.

टाकीखाली सम्प, म्हणजे कप्पे केलेली दुसरी लहान टाकी, ठेवून रिटर्न पंपाने पाणी वर चढवण्याची रचना दिसायला नीटनेटकी असते. वरून ओसंडणारे पाणी पृष्ठभागावरचा तवंग घेऊन जाते आणि हीटर आणि स्किमर (फेसातून घाण वेगळी काढणारे साधन) नजरेआड राहतात, हे तिचे खरे गुण आहेत. पण प्रवाहासाठी एकट्या रिटर्न पंपावर विसंबणे चुकीचे ठरते. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, आणि चार फूट चढाव व नळीची दोन कोपर-वळणे यांतून जाताना लहान पंपाचा प्रवाह निम्म्यावरही येऊ शकतो. आपल्या पंपाचा खरा आकडा बादली लावून मोजता येतो: दहा लिटरची बादली भरायला एक मिनिट लागले, तर ताशी ६०० लिटर. आपल्या भागात याखेरीज दोन अडचणी आहेत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाष्पीभवनाने दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडते आणि ही सगळी घट सम्पच्या शेवटच्या लहान कप्प्यात दिसते. दुपारी घरी कोणी नसेल तर पंप हवा ओढू लागतो आणि टाकी बारीक बुडबुड्यांनी धूसर होते. दुसरे म्हणजे वीज गेली की नळीतून पाणी उलटे खाली येते, आणि दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात सम्पमध्ये तेवढी जागा राखलेली नसेल तर ते फरशीवरच येणार. मागे टांगायच्या हँग-ऑन फिल्टरला हा धोका नाही, पण प्रवाहाच्या बाबतीत तोही अपुराच पडतो.

आता पॉवरहेड किंवा वेव्हमेकर. खरी निवड इथेच करायची असते. हा पंप पाण्यातच बुडालेला असल्याने त्याला चढाव नसतो, आणि पंख्यासारख्या पात्याने तो थोड्या विजेत रुंद प्रवाह तयार करतो. त्याचे एसी आणि डीसी असे दोन प्रकार आहेत. एसी पॉवरहेड स्वस्त आणि साधा असतो. त्याचा वेग एकच असतो आणि कंट्रोलर नसल्याने बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. पण त्याचा चुंबकी रोटर सुरू होण्यासाठी पुरेसे व्होल्टेज लागते, आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो घरघरतो व तापतो.

माझ्याकडे सुरुवातीला एसीच होता. एका वैशाखात रात्री वीज गेली आणि पहाटे आली ती इतक्या कमी दाबाने, की पंप नुसता गुणगुणत राहिला. सकाळी सहाला पाहिले तेव्हा पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा पातळ तवंग साचला होता आणि क्लाउनफिशची जोडी वर येऊन भराभर कल्ले हलवत होती. तासभर लोट्याने पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिलो, तेव्हा ती जोडी सावरली. नंतर रोटर काढून पाहिला, तर दांडीवर चुन्याचा खरखरीत थर होता. थर आणि कमी दाब या दोन्हींनी मिळून तो अडवला होता. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मी पंप लिंबूसताच्या पाण्यात तासभर फिरवतो आणि गोड्या पाण्याने धुऊनच परत लावतो.

डीसी वेव्हमेकर महाग असतो, पण गावासाठी मी तोच सुचवतो. त्याच्या ॲडॉप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्टची मर्यादा छापलेली असते, म्हणजे दाब उतरला तरी पंपाला हवे ते व्होल्टेज मिळत राहते. खरेदी करताना ही ओळ दुकानातच वाचून घ्यावी. वेग कमीजास्त करता येतो, त्यामुळे पंप थोडा मोठा घेतला तरी कोरल सोलपटून निघण्याची भीती राहत नाही. सर्वांत मोठा लाभ म्हणजे, कंट्रोलरला चालत असेल तर, तो थेट बॅटरीवर चालवता येतो. १२ व्होल्टचा ५ वॅट घेणारा पंप १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर, बॅटरी निम्मीच वापरायची असे धरले तरी, सुमारे आठ तास चालतो. अनेक पंप २४ व्होल्टचे असतात, त्यांना दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडाव्या लागतात. कपाशीवरच्या फवारणी पंपातही १२ व्होल्टचीच बॅटरी असते, म्हणून तीच काढून लावण्याचा मोह होईल. तो कृपया टाळावा: कीटकनाशकाचा अंशही कोळंबी आणि खेकड्यांना मारायला पुरतो, आणि फवारणी करून आल्यावर टाकीत हातसुद्धा घालू नये.

एक मोठा की दोन लहान, हा प्रश्न हमखास विचारला जातो. एका मोठ्या पंपाची धार, वाफ्यात सोडलेल्या जोराच्या पाण्यासारखी, समोरची वाळू उकरते आणि दगडामागे मात्र पोचत नाही. ताशी १,००० ते १,२०० लिटरचे दोन पंप दोन्ही बाजूंच्या काचांवर, पृष्ठभागाच्या थोडे खाली आणि किंचित वर तोंड करून लावले, तर त्यांचे प्रवाह मध्ये आपटून विस्कटतात, आणि समुद्रातल्या खडकावर पाणी बहुतेक असेच दिशा बदलत फिरते. एक बंद पडला तरी दुसरा रात्र निभावतो. जागा ठरवताना चिमूटभर कोरडे खाद्य टाकून कण कुठे जाऊन थांबतात ते पाच मिनिटे पाहावे. जिथे ते बसतात तिथेच पुढे लालसर-किरमिजी शेवाळी थर धरतो. ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) पाळायचा असेल तर पंपाला स्पंजचे आवरण हवे, कारण तो रात्री जागा सोडून चालतो आणि पात्यात सापडला तर सारी टाकी नासवतो. आडव्या नळीसारख्या जायर पंपाचा प्रवाह सुंदर असतो, पण तो लांब टाक्यांसाठी आहे आणि साफसफाईला कटकटीचा आहे; पहिल्या टाकीला त्याची गरज नाही.

उन्हाळ्याचा हिशेब यातच धरावा लागतो. पंप घेतो ती वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते, म्हणून २० वॅटच्या जुन्या पंपाऐवजी ६ वॅटचा डीसी लावणे म्हणजे टाकीतला एक लहान हीटर काढून टाकणे होय. पृष्ठभाग ढवळलेला ठेवून त्यावर लहान पंखा सोडला, तर मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी लक्षणीय थंड राहते; पावसाळ्याच्या दमट हवेत हाच पंखा फारसे काही करत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणीच घालावे, मिठाचे नव्हे, कारण मीठ उडत नाही.

तेव्हा हाती पैसे मोजकेच असतील, तर सम्पचा खर्च पुढे ढकलून एक डीसी वेव्हमेकर, हँग-ऑन फिल्टर आणि बॅटरीचा एअर पंप घ्यावा, व दुसरा वेव्हमेकर दोन-तीन महिन्यांनी, मासे वाढवण्याच्या आत, जोडावा. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि दाब स्थिर असेल, तर दोन एसी पॉवरहेडही चालतील. सम्प घ्यायचाच असेल, तर मासे आणण्यापूर्वी मुख्य स्विच मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढते ते पाहावे आणि तिथे काचेवर मार्करने रेघ मारावी. पंप चालू असताना कोणत्या पातळीपर्यंत पाणी भरायचे, ते त्या रेघेवरून उलटे मोजून ठरवावे.