स्वप्नात भान ठेवण्यासाठी कॅसिओ एफ-91डब्ल्यू: घड्याळ आठवण देतं, प्रश्न आपणच विचारायचा

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. जागेपणी दिवसभर रिॲलिटी चेक, म्हणजे 'आपण जागे आहोत की स्वप्नात' याची तपासणी, करत राहायचे, म्हणजे तीच सवय स्वप्नात डोकं वर काढते, असा हा हिशोब. अडतं ते आठवणीपाशी. मोबाइलचं रिमाइंडर ॲप इथे फारसं टिकत नाही. नोटिफिकेशन बघायला फोन हातात घेतला की माणूस व्हॉट्सॲपात शिरतो आणि चेक राहतोच. त्यापेक्षा 1989 साली आलेलं, 21 ग्रॅम वजनाचं हे साधं डिजिटल घड्याळ बरं. दर तासाला टिट-टिट वाजतं आणि गप्प बसतं.

डावीकडचं खालचं बटण एकदा दाबलं की अलार्मचा पडदा येतो. तिथे उजवं बटण दाबत गेलं की अलार्म आणि तासाची टिट-टिट आलटून पालटून चालू-बंद होतात. सकाळी उठल्यावर टिट-टिट चालू करा, झोपताना बंद करा. रात्रभर वाजू दिली तर झोप मोडते, आणि झोपच नाही तर स्वप्न कुठलं?

वाजल्यावर आकडे वाचा. नजर काढून दुसरीकडे न्या, भुसावळ स्टेशनात असाल तर फलाटावरच्या पाटीवर. तीन-चार सेकंदांनी परत घड्याळ वाचा, मग पाटीही परत वाचा. स्वप्नात अक्षरं-आकडे दुसऱ्या नजरेला बहुधा तेच राहत नाहीत: 4:10 चे 7:83 होतात, 'भुसावळ'चं भलतंच काही होतं. मग तोंड मिटून नाक चिमटीत धरा आणि श्वास ओढून बघा. ओढला गेला तर ते स्वप्न. शेवटी, दहा मिनिटांपूर्वी कुठे होतो, इथवर कसे आलो, हे आठवा. सगळं मिळून अर्धा मिनिट लागतो. 'हे स्वप्न आहे का?' हे घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा, 'हाई सपन शे का?' स्वप्नात तोंडी येणार ती रोजची भाषा.

दिव्याचं बटण दाबून बघण्याचा चेक सगळीकडे सांगतात, कारण स्वप्नात दिवे नीट लागत-विझत नाहीत. खान्देशात तो बाद धरा. वीज जाणं इथे नवीन नाही, त्यामुळे दिवा लागला नाही तर मनाला त्यात वावगं काही वाटतच नाही. घड्याळाचा दिवा सेलवर चालतो, म्हणून त्याचं बटण दाबून बघणं जास्त भरवशाचं. उजेड मात्र मिणमिणता आहे आणि तोही डाव्या कडेनेच पडतो. गच्चीवर झोपताना उजवीकडचे आकडे डोळे ताणून वाचावे लागतात.

खरी खोट निराळी आहे. टिट-टिट ठरलेल्या मिनिटालाच होते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत कान ती ऐकेनासे होतात आणि हात आपोआप नाकाकडे जातो. असा यांत्रिक चेक स्वप्नातही होतो आणि 'जागाच आहे' असं उत्तर देऊन मोकळा होतो. तोवर आवाज सोडून खुणा धरायला लागा: दारातून आत जाणं, एसटीत चढणं, कुणी अनपेक्षित भेटणं. झोपेतून उठल्यावर तर दर वेळी चेक कराच, कारण जाग आल्याचंही स्वप्न पडतं.

नुसत्या चेकवर मात्र भिस्त ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ डेनहोम ॲस्पी यांच्या 2017 च्या अभ्यासात चेक, 5 तासांनी उठणं आणि 'माइल्ड' (झोपताना 'पुढच्या स्वप्नात भान राहील' हे मनाशी घोळवणं) ही तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे 17 टक्के यश मिळालं. एकट्या चेकने विशेष काही साधलं नाही. इथे या घड्याळाचा अलार्म कामाला येतो. साडेदहाला झोपलात तर साडेतीनचा लावा, दहा-पंधरा मिनिटं जागे राहा, मग माइल्ड करत झोपा. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते म्हणून ही वेळ. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला उठावंच लागणाऱ्यांनी मोटर लावून आल्यावर हे करावं, वेगळा अलार्म नको. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर झोप मोडण्याचा हा उद्योग करूच नये. आणि जागेपणीही आजूबाजूचं खरं वाटेनासं होत असेल, तर घड्याळ, चेक सगळं थांबवून डॉक्टरांना भेटा.

अलार्म 20 सेकंदच वाजतो, गाढ झोपणाऱ्याला कमी पडतो. घड्याळ हातात न बांधता उशीशेजारी ताटलीत ठेवलं तर आवाज वाढतो. सीआर2016 सेल कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 7 वर्षं जातो. मे महिन्यात पट्ट्याखाली घाम साचतो, एक भोक सैल बांधा. आठवडे बाजारात घेत असाल तर उजवं बटण तीन सेकंद दाबून धरा. असली घड्याळाच्या पडद्यावर कॅसिओ हे नाव उमटतं.